दुपारी मुकं होणारं पेडल

आमच्या घरात काहीही बिघडलं की पहिला आरोप धानाच्या कोंड्यावर यायचा. घड्याळ मागे पडलं तर कोंडा, मायची शिलाई मशीन अडकली तर कोंडा, आणि बाबांचा खोकला तर कोंड्याचाच, त्याबद्दल डॉक्टरलाही दुसरं काही बोलू दिलं जात नसे. लाखनीला राइस मिलच्या भिंतीला टेकून आमचं घर होतं आणि बाबा त्याच मिलमध्ये मशीनवर होते. दिवसभर भिंतीपलीकडून पट्ट्याची फटफट, समोरून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न, आणि ह्या दोहोंच्या मध्ये मोठ्याने बोलायची सवय लागलेले आम्ही चौघं. परगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, ह्यांचं भांडण चाललंय. माय जेवणाची ताटं उपडी मांडायची आणि भात वाढायच्या क्षणीच सुलटी करायची, कारण तेवढ्या वेळात त्यावर पिवळी धूळ बसायची. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, सोबत कांदा. कधी तळ्यातले झिंगे मिळाले तर त्या दिवशी दादा दोनदा भात मागायचा आणि मायचा चेहरा उजळायचा, कारण दादाने पोटभर जेवणं ही आमच्या घरातली मोठी गोष्ट होती.

दादा म्हणजे मिलिंद, माझा मोठा भाऊ. त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो, पण दूरच्या वाचकासाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथलं हाड आतून फुटल्यासारखं दुखतं. माय आणि बाबा दोघेही वाहक, म्हणजे रक्तात आहे पण त्रास नाही. मीही तशीच निघाले. पुरता आजार एकट्या दादाच्या वाट्याला आला. थंडीला जपायचं, अंग तोडून काम करायचं नाही आणि पाणी पीत राहायचं, असे त्याचे नियम होते. पाण्याची बाटली त्याच्या हाताला कायमची. माझ्यावर माय रागावली की म्हणायची, तुले सारं भेटलं, तरी तोंड वाकडं. तिचं खरं होतं, म्हणून मला ते फार लागायचं.

अंगमेहनत जमणार नाही म्हणून दादा गिटार शिकला आणि मेश्रामकाकांच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत लागला. दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, उघड्या शेतात मंडप पडतो आणि पार्टीवाल्यांना रोज काम असतं. पण पहिल्याच हंगामात दादा तिथल्या थंडीने असा आजारी पडला की काकांनी त्याला सांगून टाकलं, बाबा रे, तू उन्हाळ्यातच ये. जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नं, एवढाच त्याचा हंगाम उरला. त्यातही काकांचा ऑर्गन असा दणक्यात वाजायचा की त्याखाली गिटारची टिंगटिंग कुणाला ऐकूच जात नसे. दादाला हवा होता लांब आवाज. तार छेडली की सूर लगेच विझू नये, गाणाऱ्याच्या श्वासाइतका तो टिकावा. तसं करणारं एक पायाने दाबायचं यंत्र असतं, त्याला पेडल म्हणतात, हे त्याला नागपूरच्या कुणा वादकाकडून कळलं होतं. मी तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. बाकी मुली शिवणकामाला, मी एकटी इकडे. मी म्हटलं, त्यात काय, मी करून देते. एवढी फुशारकी मी पुढे आयुष्यात कधी मारली नाही.

आकृती एका जुन्या मासिकातली होती. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, बस. ट्रान्झिस्टर मी मोडीत निघालेल्या रेडिओंतून काढले. जुन्या जर्मेनियम जातीचे, टोपी घातल्यासारखे. पायाने दाबायला टेबल लॅम्पचा स्विच, आणि सगळं एका प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं. जुना टेपरेकॉर्डर अॅम्प्लिफायर म्हणून लावला. पहिल्याच दिवशी तार छेडली आणि सूर आला, भरदार, थोडा फाटका, पण लांबच लांब. दादा खाटेवरून उठून उभा राहिला. आणि त्याच क्षणी त्या सुराच्या मागून एक बाई शांतपणे धानावरच्या तुडतुड्याचा बंदोबस्त सांगायला लागली. आमच्या पेडलने नागपूरचा रेडिओ पकडला होता. मायला वाटलं, आपल्या पोरीने रेडिओच बनवला, आणि तिने शेजारणींना बोलावून आणलं. तो बिघाड काढणं सोपं होतं. प्लास्टिकमधून लहरी आत येतात, धातूच्या डब्यातून येत नाहीत. भंडाऱ्याच्या कासाराकडचा एक झाकणाचा पितळी डबा मायने नाखुशीने दिला, मी त्यात सगळं हलवलं आणि ती बाई गप्प झाली. आता मागे वळून पाहताना कळतं की एक बिघाड काढताना दुसऱ्याला मी स्वतःच घर बांधून दिलं होतं.

पार्टीत तेव्हा सुजाता गायची. आमच्याच गल्लीतली, बाबांच्या मित्राची मुलगी. आवाज जाडसर, पण वरच्या पट्टीत गेली की अंगावर काटा यायचा. ती आणि दादा एकमेकांचे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दोन्ही घरांची त्याला ना नव्हती. तेवढ्यात गावच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि सुजाता वाहक निघाली. ती एकटी वाहक असती तर काहीच बिघडत नव्हतं. दादाशी लग्न झालं असतं तर मात्र त्यांच्या निम्म्या लेकरांना दादाचाच आजार होण्याची धास्ती होती. तिच्या घरच्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. दादानेच जाऊन तिच्या बाबांना नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी सुजाता आमच्याकडे आली. माय चूल फुंकत होती, ती फुंकतच राहिली, आणि मी तांदूळ निवडायचं सोंग करत तिथेच बसले.

"लेकरं नाही झाले तरी मले चालन," सुजाता म्हणाली.

"तुले आज चालन," दादा म्हणाला. "मी रातभर कण्हतो तवा माय कशी बसते उशाशी, तू पाह्यलं नाही. मी पाह्यलं हाये. तुले तसं बसवणार नाही मी."

मायने दिलेला चहा सुजाताने उभ्यानेच पिऊन टाकला आणि गेली. त्या रात्री मायने स्वयंपाक केला, पण आमच्या घरात कुणीच जेवलं नाही. मला दादाचा राग आला होता, तो किती तरी वर्षं गेला नाही. आजही तो पूर्ण गेलाय असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

उन्हाळा लागला आणि पेडलचा खरा बिघाड तेव्हा सुरू झाला. कार्यक्रमात पहिली दोन-तीन गाणी ते छान वाजायचं. मग सुराचा घसा बसायचा, मग तो तुटक तुटक व्हायचा, आणि शेवटी पेडल पार मुकं. दादा खाली मान घालून टिंगटिंगवर परत यायचा. घरी आणलं की मात्र ठणठणीत. मी सगळे जोड नव्याने सोल्डर केले. बॅटरीची टोपी बदलली, स्विच बदलला, पेन्सिलीने एकेक सुटा भाग ठोकून पाहिला. काहीही सापडेना. हे असं का होतं, हे न कळण्याचं मोठं कारण म्हणजे लोडशेडिंग. आमच्याकडे दिवसा लाइट नसायचीच. भल्या सकाळी यायची आणि मग एकदम सांज झाल्यावर. त्यामुळे टेपरेकॉर्डर लावून पेडल तपासायचं तर गारव्याच्या वेळीच, आणि गारव्यात ते कधीच बिघडत नव्हतं. कार्यक्रम मात्र भर दुपारी, जनरेटरवर. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी मिलच्या भिंतीला वाढलेली मुलगी. मी निदान केलं की डब्यात कोंडा जातोय. कार्यक्रमाच्या ठिकाणी कुठला कोंडा, हा विचारही डोक्यात आला नाही. मी मेणबत्ती वितळवून डब्याची सगळी भोकं बुजवली. पुढच्या कार्यक्रमात पेडल पहिल्याच गाण्यात मुकं झालं.

त्याच आठवड्यात सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा सानगडीचा, नोकरीचा, आणि रक्त तपासून साफ निघालेला. पार्टी अर्थातच आमची. सुजाता दादाशी बोलायला पुन्हा आमच्या दारात आली, ह्या खेपेला आत आली नाही. "मी निघाले की वाजवजो," एवढंच म्हणाली. "टिंगटिंग नोको. तो लांब आवाज." दादा हो म्हणाला. आमच्याकडची लग्नं भर दुपारची. मुहूर्त पाहायचा नसतो, बुद्धवंदना घ्यायची, हार घालायचे, जेवणं करायची आणि ऊन कलताना नवरीला निरोप द्यायचा. म्हणजे ते पेडल वैशाखाच्या त्या भट्टीत जनरेटरवर वाजायला हवं होतं, आणि ते का वाजत नाही हेच मला ठाऊक नव्हतं. आयटीआयच्या सरांनी सांगितलं म्हणून नव्या जातीचे ट्रान्झिस्टर घालून पाहिले. आवाज पत्रा घासल्यासारखा यायला लागला. दादाने ऐकलं आणि हळूच म्हणाला, हा नको, हा तिचा आवाज नाही. मी जुनेच परत लावले आणि त्या रात्री भांडी घासताना रडले.

एका दुपारी घरात लाइट नव्हती, मायने कांदा-मीठ घालून पेज दिली होती, आणि दादा पेजेची वाटी हातात धरून त्या डब्याकडे पाहत बसला होता. मग म्हणाला, "वैशू, हे खराब नाही झालं. याले ऊन सहन होत नाही." मी म्हटलं, काहीतरीच, त्याच उन्हात ऑर्गन वाजतो, माइक वाजतो. तो हसला. "त्याच थंडीत सारं गाव नाटक पाहून राहते. मी एकटा पडतो. माह्या रक्तात हाये म्हणून. याच्यातही तसंच काईतरी असन."

मी डब्याला हात लावला. पितळ तापलेलं होतं आणि भोकं मी मेणाने बुजवून ठेवली होती. मला एकदम वर्गातला धडा आठवला. जर्मेनियम तापलं की त्यातून वीज गळू लागते, ट्रान्झिस्टरचं काम बिघडतं. परीक्षेत मी हे लिहून गुणही मिळवले होते. आम्ही तसेच उठून मिलमध्ये गेलो. तिथे जनरेटर होतं. धान वाळवायच्या ओट्यावर बाबांनी टेपरेकॉर्डर लावून दिला आणि आम्ही पेडल उन्हात ठेवलं. दादा वाजवत राहिला आणि थोड्याच वेळात पेडलचा आवाज बसला, तुटला, गेला. मग मी मेण खरवडून काढलं, पोतं भिजवून डब्याखाली घातलं, वरून ओला फडका गुंडाळला. बराच वेळ काहीच झालं नाही. दादा रिकाम्या तारा छेडत बसला. मग आधी खरखर आली, आणि तिच्या मागून तो लांब सूर हळूहळू परत आला. मी आनंदाने बाबांच्या गळ्यात पडले. बाबा दादाकडे पाहत होते. आपल्या पोराला हा बिघाड कशावरून ओळखता आला, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. ते मशीनकडे निघून गेले.

लग्नाच्या दिवशी सुजाताच्या दारात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव होता. सरबतासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या कोंड्यात पुरून ठेवल्या होत्या. त्यातला एक तुकडा मी मागून घेतला, फडक्यात बांधला आणि डब्यावर ठेवला. मी घरून निघताना मायने मला दोनदा बजावलं होतं, त्याले पाणी पाजत राहा. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, लोकांनी फुलं उधळली. पंगती बसल्या, आणि पार्टीने गाणी सुरू केली. पेडल वाजत होतं. मी त्या डब्याशेजारी बसून होते आणि लोक गिटारकडे वळून पाहत होते, तेव्हा खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटला. मग बर्फ संपला. ऊन इतकं की सरबतालाही पुरला नव्हता. नवरदेवाकडची मंडळी म्हणाली, थोडं ऊन उतरू द्या, मग निघू, आणि ती आंब्याखाली लवंडली. सुजाता मांडवात पाटावर बसून होती, डोक्यावर पदर, नजर खाली. फडका सुकत आला तसा सुराचा घसा बसू लागला. दोन गाण्यांच्या मध्ये दादाने आपली पाण्याची बाटली उचलली आणि सगळी त्या फडक्यावर ओतली.

मी धावत गेले आणि पंगतींनी तळाला नेलेल्या पिंपातून तांब्याभर पाणी आणलं. त्याच्या ओठांवर पापुद्रे आले होते. मी तांब्या पुढे केला. त्याने तोही डब्यावर ओतला. मी म्हटलं, दादा, आधी पी, मायची शपथ.

"तिची गाडी निघू दे," तो म्हणाला. "मंग पितो."

गाडी निघायला फार वेळ लागला. आधी नवरदेवाचे मामा सापडेनात, मग भांड्यांचं सामान टपावर बांधायचं राहिलं होतं. शेवटी सुजाता उठली. बायका रडू लागल्या आणि दादाने वाजवायला घेतलं. तिने गायलेलीच चाल होती. एकेक सूर तो सोडायचा आणि तो सूर उन्हात तसाच उभा राहायचा, न तुटता. सुजाताने मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बसताना तिने दारावर हात ठेवला आणि सूर संपेपर्यंत ती तशीच थांबली, मग आत बसली. गाडी हायवेला लागली, वळली, दिसेनाशी झाली. तेव्हा त्याने पाणी मागितलं. तांब्या मी धरला.

दुखणं संध्याकाळी सुरू झालं आणि बाबांनी मिलच्या मेटॅडोरने त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्या खेपेने त्याचं खुब्याचं हाड खाल्लं. त्यानंतर तो काठी घेऊन अंगणापर्यंत जायचा, नंतर तेही नाही. पार्टी सुटली. पुष्कळ लोकांनी मला नंतर विचारलं, मायनेही एकदा विचारलं, की तू त्याला बळेच का पाजलं नाहीस. मी इतकी वर्षं ह्यावर विचार केला आहे आणि माझं उत्तर बदललेलं नाही. त्याने मला पाजू दिलं नसतं. त्याने तिला नाही म्हटलं होतं, आणि त्या दुपारी तिला द्यायला त्याच्याजवळ तेवढंच होतं. आता माझ्या दुकानात पोरं तळहाताएवढी पेडलं दुरुस्तीला आणतात, चष्मा लावून मी ती उघडते, आणि उन्हाने बिघडणारं एकही त्यांत नसतं. त्या पोरांना मी दादाबद्दल काही सांगत नाही. सांगायला गेले की हातातलं पेडल तसंच उघडं राहतं आणि त्यांना आपलं काय चुकलं ते कळत नाही.

दादा ज्या थंडीत गेला, तिच्या जरा आधी सुजाता माहेरी आली होती. धान कापणीला आलं होतं आणि दादा खाटेवर भिंतीशी होता. ती कडेवर मुलगी घेऊन आली, वर्षाची व्हायला आलेली, कुरळ्या केसांची. मायने तिला बसायला दिलं. ती बसली नाही. दादाने तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही, मुलीचं नावही विचारलं नाही.

"तपासलं काय?" तो म्हणाला.

"तपासलं."

"मंग?"

"काईच नाही निघालं," सुजाता म्हणाली. "साफ हाये."

दादाने दोन्ही हात पुढे केले. ती वाकली आणि तिने लेकरू त्याच्या छातीवर ठेवलं. हाडं फुटत असताना उशी चावून पडणारा माझा भाऊ तेव्हा मोठ्याने रडला, त्या लेकराला धरून, सुजातासमोर. मागच्या दारातून बाबा धावत आले आणि त्यांनी खाटेशी वाकून विचारलं, कुठं दुखून राहिलं रे?

"कुठंच नाही, बाबा," दादा म्हणाला.